डोल्मा देवीचा डावा हात

१

मार्गशीर्षातल्या मंगळवारी पहाटे ल्हामो नळावरून पाण्याची घागर घेऊन आपल्या पालात परतली, तेव्हा खोक्यावरची देवी जागेवर नव्हती.

गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. थंडी पडली की त्या दिवसांत कोल्हापुरात तिबेटी माणसं स्वेटर विकायला उतरायची. मुंडगोडला त्यांची वसाहत. तिथून ट्रंका आणि गठ्ठे घेऊन एस.टी.नं यायची, दत्ताच्या देवळासमोरच्या पटांगणात पालं ठोकायची आणि संक्रांत झाली की परत जायची. त्या वर्षी अगदी पहिल्या पालात साठीची ल्हामो आणि तिची पोटुशी सून छिमी अशा दोघीच होत्या. मुलगा आणखी माल आणायला लुधियानाला गेला होता.

पालाच्या मागच्या अंगाला लाकडी खोक्यावर ल्हामोची देवी बसायची. डोल्मा तिचं नाव. वीतभर उंच, तांब्याची, वर सोन्याचं पाणी. उजवा हात गुडघ्यावर, डावा छातीशी उचललेला आणि त्याच्या बोटांत एक फूल. देवीपुढं सात वाट्या. त्यांत रोज पहाटे ताजं पाणी भरायचं, हा ल्हामोचा नेम. त्यासाठी दोघी सासवासुना पाचला नळावर जायच्या आणि अर्ध्या तासात परतायच्या. तेवढ्यात कुणीतरी देवी नेली होती. स्वेटरांच्या गठ्ठ्यांना हात लागला नव्हता. वाट्या रांगेत होत्या. आणि देवीच्या जागी तांदूळ, कुंकू आणि एक सुपारी.

छिमीच्या रडण्यानं लोक जमले. आत शिरले, वाकून बघताना खोक्याला धक्के लागले, तांदूळ सांडले, कुंकू पायाखाली आलं. कुणीतरी म्हणालं, "करणी केलीया." तेवढं पुरलं.

नऊच्या सुमाराला पंचगंगेच्या घाटावरून निरोप आला. म्हशी धुणाऱ्या आकारामला पाण्यात देवी सापडली होती. तिचा डावा हात मनगटापासून तुटलेला होता.

दुपारी पोलिसांनी पेठेतल्याच सयाजीला घरातून उचललं.

२

यज्ञेश्वर फौजदार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण पेठेत त्यांना अजून फौजदारच म्हणत. सकाळी पोथी, संध्याकाळी कीर्तन, एवढाच दिनक्रम उरला होता. दत्तजयंतीच्या सप्ताहात अंबादासबुवा कीर्तनाला उभे राहिले की मागे झांज धरायला यज्ञेश्वर, हे ठरलेलं. बुवांचं निरूपण ऐकताना त्यांच्या डोळ्यांना धार लागायची, आणि ती पुसायला हात मोकळा नाही याचा त्यांना आनंदच व्हायचा.

बुधवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर तानाबाई येऊन बसली. सयाजीची आई. तिनं पदरातला पेपर उलगडून पुढं ठेवला. मग म्हणाली, "फौजदार, पेपरात काय लिवलंय वो?"

यज्ञेश्वरांनी वाचून दाखवलं नाही. पहिल्या पानावर ठळक होतं, 'शाहूंच्या नगरीत वंशद्वेष?' आत रातोरात हातोहात पोचवलेल्या पत्रांचा पाऊस. एका प्राध्यापकानं लिहिलं होतं की शहरानं मान खाली घालावी. एका वकिलानं लिहिलं होतं की काळे-गोरे हा साहेबांच्या देशातला रोग, आपल्या मातीत तो नाहीच. हा शहराला बदनाम करायचा डाव आहे. कुणी सयाजीला भर चौकात उभं करा म्हणत होतं. कुणी म्हणत होतं, ज्याचा थोरला भाऊ जोतीराम बासष्ट साली नेफात चिन्यांच्या गोळीनं गेला, त्यानं तशा तोंडावळ्याच्या माणसांकडं बघून चार शब्द टाकले तर नवल काय?

चार शब्द सयाजीनं टाकले होते, हे खरंच. शनिवारी संध्याकाळी कीर्तन सुटल्यावर "चिन्यांनू, चालते व्हा" असा त्याचा आवाज पटांगणात बऱ्याच जणांनी ऐकला होता. पोलिसांना तेवढं पुरेसं होतं.

"सोमवारी गारगोटी डेपोत हजर व्हायचंय त्येला," तानाबाई म्हणाली. "डायवर म्हणून. हुकूम आलाय. चोर म्हणून कागद झाला तर घेतील व्हय त्येला? एक पोरगं लढाईत दिलं. ह्यो एकच ऱ्हायलाय."

"त्यानं नेली नाही देवी?"

"न्हाय. पहाटं माझ्या फुडं झोपल्याला हुता. चोरली न्हाय त्यानं. तेवढं तुमी शोधून काढा."

ती उठून गेली. यज्ञेश्वर बराच वेळ तिच्या शब्दांवरच अडकून राहिले. आया सहसा म्हणतात, माझ्या पोरानं काहीच केलं नाही. ही म्हणाली, चोरली नाही. तेवढंच शोधा.

३

पटांगणात पिराजी हवालदार बंदोबस्ताला होता. यज्ञेश्वरांच्या हाताखालीच तयार झालेला. त्यानं टाचा जुळवल्या.

"करणीचं सामान बघितलंस तू?"

"व्हय साहेब. तांदूळ, कुंकू, सुपारी."

"लिंबू होतं?"

"न्हाय."

"टाचण्या, बिब्बा, काळी बाहुली, केस?"

पिराजीनं डोकं खाजवलं. "तसलं काय न्हवतं."

"सुपारीखाली काय होतं?"

"पान हुतं. इड्याचं." मग तो थोडा घुटमळला. "देठ देवीच्या बाजूला. म्हंजे ती असती तर."

यज्ञेश्वर पालाकडं वळले. आत ल्हामो गठ्ठ्याला टेकून माळ ओढत होती. रिकाम्या खोक्यापुढच्या सातही वाट्यांत पाणी होतं. देवी नसतानाही तिनं नेम मोडला नव्हता. यज्ञेश्वरांनी चपला बाहेर काढल्या आणि सतरंजीवर बसले. त्यांच्या मोडक्या हिंदीला तिची मोडकी हिंदी बरी जुळली. तिनं सांगितलं, देवी तिच्या आईची. बर्फातून चालत आली तेव्हा पाठीवर हीच होती, पोर बोटाशी. बाकीचं घर तिथंच राहिलं.

मग यज्ञेश्वरांनी विचारलं, "मांजी, देवी का हाथ किधर गया? नदी में मिला नहीं."

ल्हामोनं माळ थांबवली. उठली, ट्रंक उघडली आणि तळातून पिवळ्या रेशमाची घडी काढली. घडीत तांब्याचा इवलासा हात होता. बोटांत फूल.

पिराजीचं तोंड उघडंच राहिलं. "हे कवापासनं तुमच्याकडं?"

"शनिवार से."

"मग सांगितलं का न्हाय?"

"आप लोग चोरी पूछा," ल्हामो शांतपणे म्हणाली. "हाथ किसी ने नहीं पूछा."

"किसने तोडा?" यज्ञेश्वरांनी विचारलं.

ती देवळाच्या शिखराशी बांधलेल्या कर्ण्याकडं बघत राहिली. तिथूनच रोज संध्याकाळी बुवांचा आवाज पटांगणभर जायचा. "गिर गया," ती म्हणाली.

"अपने आप?"

"गिर गया."

बाहेर आल्यावर यज्ञेश्वर पिराजीला म्हणाले, "देवी मंगळवारी गेली. हात शनिवारी मोडला. आपण दोन गुन्ह्यांचा एक केला, पिराजी. आणि ज्यानं मोडला त्यानंच नेली, असं कुठं लिहिलंय?"

४

पेठेत दुसरा संशय होता तो बाळासोंवर. महाद्वार रोडला त्यांचं लोकरी कपड्यांचं दुकान. पटांगणातली पालं उठवावीत म्हणून त्यांनी महापालिकेत अर्ज दिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दिलाय की अर्ज. सहीनिशी दिलाय," बाळासो गादीवर सरसावून बसत म्हणाले. "माझं गिऱ्हाईक तिकडं जातंय, मी बोंब मारणारच. पण देवाला हात? फौजदार, मी सोमवारीच मुरगूडला गेलतो, मेव्हण्याच्या पोरीच्या लग्नाला. मंगळवारी दहाच्या गाडीनं आलो. कंडक्टरला इचारा, जागेवरनं भांडान झालंय आमचं."

"शनिवारी संध्याकाळी कुठं होता?"

"हितंच. दुकानात." बाळासोंनी मोजपट्टी उचलली, परत ठेवली. "आणि शनिवारचं मला कशापायी इचारतासा? मी कुठं देवळात हुतो? तुमीच हुतासा. झांज घेऊन फुडं."

यज्ञेश्वर दुकानातून उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभेच राहिले.

शनिवार. सप्ताहाचा पहिला दिवस. अंबादासबुवांनी उत्तररंगात आख्यान लावलं होतं. अत्रींच्या आश्रमावर राक्षस चालून येतात, असा प्रसंग. बुवा रंगात होते. राक्षसांचं वर्णन करता करता त्यांनी दोन्ही बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढले, नाक चपटं केलं आणि म्हणाले, "लांब कशाला जाता? बाहेर पटांगणात स्वेटर घेऊन बसलेत ना, त्यांच्यातलेच चुलतभाऊ." देऊळ हसून फुटलं. हसू थांबेना म्हणून बुवांनी परत एकदा डोळे ओढले. कर्ण्यातून ते हसू बाहेर गेलं. पाच-दहा मिनिटांनी आरती झाली, माणसं पांगली, आणि बाहेर काहीतरी पडल्याचा, भांडी सांडल्याचा आवाज झाला. वर कुणाचा तरी ओरडा. यज्ञेश्वर तेव्हा झांजा कापडात गुंडाळत होते. त्यांनी तो आवाज ऐकला होता. ऐकून त्यांनी गाठ मारली होती आणि प्रसादाच्या रांगेत उभे राहिले होते.

आणि विनोदाला हसलेही होते. चांगले मोठ्यानं.

५

गुरुवारी सकाळी ते घाटावर गेले. आकाराम कंबरभर पाण्यात म्हैस घासत होता.

"देवी कशी पडली होती, आकाराम?"

"पडल्याली कुठली? बसल्याली. गुडघाभर पाण्यात, पायरीवर. चांगली मांडी घालून, तोंड उगवतीला."

"उघडीच?"

"न्हाय. खणात हुती. कोरा करकरीत इरकली खण. म्या सोडून बघितलं तर देवी. मग पोलिसास्नी सांगितलं."

"खण कुठंय?"

आकाराम जरा ओशाळला. "त्यो हवालदार म्हणला, फडकं नगं. कोरा खण पाण्यात कशाला टाकायचा? बायकूला दिला."

"आणखी काय होतं आत?"

"तांदूळ हुतं मूठभर. हळकुंड हुतं. आन नारळ." त्यानं म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं. "त्यो खाल्ला आमी."

"खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आकाराम, ओटी भरून देवी बुडवणारा चोर कधी बघितलास?"

"मी म्हशी बघतो फौजदार. चोर तुमी बघायचं."

त्याच्या घरी जाऊन यज्ञेश्वरांनी खण मागून घेतला. आकारामच्या बायकोनं तो वाळवून घडी घातला होता, पण एका टोकाची गाठ तिला सुटली नव्हती. ती गाठ दोऱ्याची नव्हती, केळीच्या सोपटाची होती. फुलं ओवणारी माणसं सोपट पाण्यात भिजवून, चिरून त्याचा दोरा करतात. फुलाच्या देठाला दोन वेढे देऊन एका बोटानं ओढली की बसते, अशी त्यांची गाठ असते. ती सुटत नाही, कापावी लागते.

पहाटे पाचला पटांगणात कोण असतं, हे विचारायला यज्ञेश्वरांना कुणाकडं जायची गरज उरली नाही. काकडआरतीच्या आधी ते स्वतः देवळाच्या पायरीवरच्या फुलवालीकडूनच तुळस घेत होते.

६

देवळाच्या पायरीशी शालूबाई वेण्या ओवत होती. विधवा, पन्नाशीची. ल्हामोचं पाल तिच्या टोपल्यापासून दहा पावलांवर. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दुपारचा चहा त्या वाटून प्यायच्या.

यज्ञेश्वर तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिची बोटं चालूच होती. दोन वेढे, एक ओढ.

"शालूबाई, खंडित मूर्ती घरात ठेवली तर काय होतं?"

बोटं थांबली.

"ठिवू नये," ती म्हणाली. तिनं वेणी टोपल्यात ठेवली. "फौजदार, तुमास्नी कळलंय न्हवं?"

"तुम्ही सांगा."

"ती पोर सातव्या म्हयन्यात हाय. हात मोडल्याली देवी रोज तिच्या डोळ्यांफुडं. माझ्या थोरलीच्या टायमाला आमच्या देव्हाऱ्यातला गणपती तडकला हुता. सासू म्हणली, असू दे, लई वर्साचा हाय. पोरगी गेली आन तिच्या पोटातलंबी गेलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ह्यास्नी ठाव नसंल म्हणून मी म्हातारीला खुणा केल्या. नदीकडं बोट केलं, हात जोडलं. तिला काय उमजंना. जीव लई तिचा देवीवर. म्हणलं, घरच्याला बोळवायला जड जातंय, शेजाऱ्यानंच करावं. सोमवारी खण आणला. मंगळवार देवीचा वार. ओटी भरली, दही-भाताचा निवद दाखवला, घाटावर न्हेऊन बसवली. फेकली न्हाय वो. बसवली."

"आणि सुपारी?"

"देवाची जागा मोकळी कशी सोडायची? पानावर सुपारी मांडून आले. म्हणलं, बघितल्यावर कळंलच. आमच्यात कुणाला सांगायला लागतंय व्हय?"

"त्यांच्यात लागतं, शालूबाई."

"आता कळतंय. तवा न्हाय आलं डोसक्यात." ती म्हणाली. "घाटावरनं आले तवर सगळी पेठ गोळा. ज्यो करणारा त्येचं हात तोडा म्हणाय लागली माणसं. माझी वाचाच गेली."

"सयाजीला धरून नेलं, तेव्हाही?"

शालूबाईनं प्रथमच मान वर केली. तिचा आवाज बदलला होता.

"त्येच्यापायी मला वाईट वाटलं न्हाय. खोटं कशाला सांगू. शनवारी कीर्तन सुटलं, धा-पंधरा जण हसत बाहीर आली, डोळं ताणत. ही म्हातारी वाट्या पुसत हुती. सयाजी फुडं झाला आन त्यानं खोक्याला लाथ घातली. देवी दगडावर आपटली. बाकीची हसली. मी बघितलं, बाकीच्यांनीबी बघितलं. पाच दिस झालं, पेपरात येवढं लिवून येतंय, कुणाच्या तोंडातनं लाथ निघाली का? मग म्हणलं, चोरीची न्हाय तर न्हाय, लाथंची तरी भोगू दे."

७

शुक्रवारी सकाळी शालूबाई यज्ञेश्वरांबरोबर ठाण्यात गेली आणि तिनं सगळं सांगितलं. तासाभरात बातमी पेठेत पसरली. वर्तमानपत्राचे संपादक स्वतः धावत आले. त्यांचा चेहरा सुटीचा दिवस मिळाल्यासारखा झाला होता.

"म्हणजे द्वेष नव्हताच फौजदार. भक्ती होती. उद्या पहिल्या पानावर घेतो. कोल्हापूरवरचा डाग पुसला."

"चोरी भक्तीनं झाली," यज्ञेश्वर म्हणाले. "हात भक्तीनं मोडला नाही. दोन्ही छापणार असाल तर छापा."

"त्याची तक्रार कुठंय पण?" पिराजी मधेच म्हणाला. "म्हातारी म्हणती गिर गया. शालूबाईचा जबाब चोरीपुरता घेतलाय. साहेब, पोरगं सुटलं. सोमवारी गारगोटीला जाऊ दे त्येला. कशाला उकरायचं?"

संपादकांनी डायरी मिटली. तेही पिराजीच्याच मताचे दिसत होते.

कोठडीच्या गजांशी सयाजी उभा होता. यज्ञेश्वरांनी त्याला सांगितलं, "तू सुटलास. देवी तू नेली नाहीस, हे सिद्ध झालंय."

सयाजीनं सुस्कारा सोडला.

"लाथ मात्र तूच मारलीस."

सयाजीनं मान वर केली. मग म्हणाला, "मारली. आन तुमी हसलासा न्हवं? बुवा डोळं वढत हुतं तवा मी तुमच्याकडंच बघत हुतो. झांज थांबवून हसत हुतासा. तुमचं हसू चालतंय, माझा पाय तेवढा दिसतोय."

"बरोबर आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

या उत्तराची सयाजीला अपेक्षा नव्हती. त्याचा आवाज खाली आला. "दादाचं मढंबी आलं न्हाय घरी. नुसती तार आली. त्या तोंडांकडं बघितलं की…"

"जोतीरामच्या समोर जे बंदुका घेऊन उभे होते, तेच ल्हामोच्या घरात शिरले होते. म्हणून ती बर्फातून चालत आली. तोंडं बघितलीस तू. विचारलं नाहीस."

सयाजी गज धरून खाली बसला.

दुपारी यज्ञेश्वरांनी देवी पटांगणात आणली. शालूबाई ल्हामोपुढं वाकली ती उठेचना. छिमीनं यज्ञेश्वरांच्या हिंदीतून ऐकून घेतलं आणि सासूला त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. ल्हामोनं ऐकलं, शालूबाईला दोन्ही खांदे धरून उठवलं आणि आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. मग ती यज्ञेश्वरांकडं वळली.

"एक बात पूछना है. मैं रोज मंदिर का गाना सुनती. समझता नहीं, पर अच्छा लगता, भगवान का नाम है. शनिवार को सब लोग बहुत हँसा. फिर बाहर आके हमको देखा." तिनं आपल्या डोळ्यांच्या कोपऱ्यांना बोटं लावली. "मंदिर में क्या बोला था?"

गुन्हेगारांना तीस वर्षं प्रश्न विचारलेला माणूस तिथं मान खाली घालून उभा राहिला. "सांगतो," तो मराठीतच म्हणाला. "आज संध्याकाळी सांगतो."

तिथून ते थेट अंबादासबुवांच्या बिऱ्हाडी गेले. बुवा उपरण्याची घडी घालत होते.

"विनोद होता हो," बुवा ऐकून घेतल्यावर म्हणाले. "श्रोते पेंगतात. जागं ठेवायला काहीतरी लागतं."

"ती कर्ण्याखाली बसून तुमचं कीर्तन ऐकते, बुवा. शब्द कळत नाहीत. नाव तेवढं कळतं म्हणाली."

बुवांच्या हातातली घडी विसकटली. त्यांनी विचारलं, "तुम्ही हसला होता?"

"हसलो होतो."

८

दत्तजयंती. देऊळ खचाखच भरलं होतं. जन्मकाळ झाला, गुलाल उधळला गेला, आणि अंबादासबुवा कीर्तनाला उभे राहिले. नमन झालं. पद झालं. बायकांच्या अंगाला पुढं शालूबाई बसली होती, आणि तिनं हाताला धरून आणलेल्या ल्हामो आणि छिमी. त्यांच्याकडं माना वळत होत्या.

बुवांनी पेटीवाल्याला हात केला. पेटी थांबली.

"आज आख्यान लावत नाही," बुवा म्हणाले. "या गादीवरून मी शनिवारी एक नक्कल केली. नारदांच्या गादीवरून. तुम्ही हसलात, म्हणून मी ती दुसऱ्यांदा केली. ज्यांची केली त्या बाहेर ऐकत होत्या. हसत हसत आपण बाहेर गेलो, आणि देवीचा हात मोडला. तीन दिवस गाव विचारतंय, इथं द्वेष आहे का. मी सांगतो. तो माझ्या तोंडून निघाला आणि मला गोड लागला."

बुवांनी चिपळ्या गादीवर ठेवल्या, खाली उतरले आणि ल्हामोपुढं हात जोडून उभे राहिले. शनिवारी काय बोललो, ते त्यांनी हिंदीत शब्द न चुकवता तिला सांगितलं. नक्कल केली नाही, सांगितलं. ल्हामो ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मग यज्ञेश्वर उठले. "मी हसलो," ते म्हणाले. "पडल्याचा आवाज ऐकला आणि प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो."

कुणी उठेल अशी लक्षणं नव्हती. पेपरात पत्र लिहिणारे वकील छताकडं बघत होते. संपादकांच्या मांडीवरची डायरी मिटलेलीच होती. खांबाला टेकून पिराजी हवालदार उभा होता, गणवेशात.

मागच्या बाजूला, दाराशी, सयाजी उभा राहिला. तानाबाई त्याच्याशेजारीच बसली होती. सोमवारचा हुकूम घडी करून त्याच्या खिशात होता, आणि पिराजीनं ऐकलं की कागद होणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पिराजीनं त्याच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

"लाथ मी मारली," सयाजी म्हणाला. पण ते त्याच्या तोंडातच राहिलं. पुढच्या माणसांनी फक्त त्याचे ओठ हलताना बघितले.

तानाबाईनं मान वर केली नाही. "मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "त्या म्हातारीपतोर जायला पायजे."